मनोरोग, मादक औषध आणि नगरचा अभिप्राय



बिब्बा अंगावर उततो हें आमच्या मावळांतल्या गुराख्याच्या पोरालाहि ठाऊक असतें. तरी तोच बिब्बा शोधून, मात्रा बांधून, पथ्य सांगून वैद्य रोग्याला देतो आणि त्यानें गुणहि येतो. द्रव्य एकच, तें कोणाच्या हातून, किती प्रमाणांत आणि कशासाठीं पोटांत जातें, एवढ्यावरून त्याला विष म्हणावयाचें कीं औषध हें ठरतें. शरीराच्या रोगांपुरता हा विचार आपण सहज मान्य करतों. परंतु ज्या द्रव्यांचा अंमल मुख्यतः मनावर चढतो त्यांच्याविषयीं मात्र लोक, सरकारें आणि प्रसंगीं डॉक्टरमंडळीहि हा साधा विवेक विसरतात, आणि मग कधीं त्या द्रव्याला अमृत ठरवितात तर कधीं सरसकट विष. ह्या विसराळूपणाची किंमत शेवटीं मनोरुग्णालयांतील रोग्याला द्यावी लागते.

मी ज्या द्रव्यांविषयीं बोलणार आहें त्यांना इंग्रजींत सायकेडेलिक असें म्हणतात. हा शब्द फारसा जुना नव्हे. हंफ्री ऑस्मंड नांवाच्या, कॅनडांत नोकरी करणाऱ्या इंग्रज मनोविकारतज्ज्ञानें तो १९५६ सालीं दोन ग्रीक शब्द जोडून तयार केला. मन आणि प्रकट करणें असे त्या दोन शब्दांचे अर्थ. एल्. एस्. डी. हें त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध द्रव्य. मेक्सिकोंतील कांहीं अळंब्यांत सांपडणारें सायलोसायबिन आणि तिकडच्याच एका निवडुंगांतील मेस्कॅलिन हीं त्याचीं भावंडें. दारू जशी बुद्धीला गुंगविते किंवा अफू जशी वेदना मारते, तसें हीं द्रव्यें करीत नाहींत. कित्येक तासपर्यंत माणसाला रंग, आकार, काळ आणि स्वतःचा मीपणा हीं सर्व निराळींच भासूं लागतात. विसरलेल्या आठवणी उसळून वर येतात. कोणाला अपार आनंद होतो, तर कोणाला अपार भय.

ह्या अवस्थेचा उपचाराकडे उपयोग करावयाचा म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण येथेंच बहुतेकांचा घोटाळा होतो. रोज सकाळसंध्याकाळ घ्यावयाची ही गोळी नव्हे. आधीं कांहीं दिवस डॉक्टर रोग्याशीं बोलून त्याच्या मनाची तयारी करतो. मग एका शांत खोलींत त्याला निजवून एकदां किंवा दोनदां द्रव्य दिलें जातें आणि अंमल उतरेपर्यंत जाणतीं माणसें त्याच्या उशाशीं बसून राहतात. आणि त्यानंतर, त्या दिवशीं जें दिसलें, जें आठवलें, त्याचा अर्थ लावण्याचें काम कित्येक बैठकी चालतें. द्रव्य हें निमित्त. उपचार तो हा संवाद.

कामशेतसारख्या गांवीं मुलांना इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यानें ह्या परदेशी विषयांत कां शिरावें, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, ह्या इतिहासाचीं दोन पानें आपल्या प्रांतांतलींच आहेत, आणि मीं जीं क्रमिक पुस्तकें शिकविलीं त्यांत तीं मला कोठेंच आढळलीं नाहींत.

पहिलें पान १८९३ सालचें. त्या वेळीं मुंबई इलाख्यांत कुलाबा, पुणें, रत्नागिरी, धारवाड अशा ठिकाणीं वेड्यांचीं इस्पितळें होतीं, आणि त्यांच्या दप्तरांत वर्षानुवर्षें असें नमूद होत आलें होतें कीं, गांजा आणि भांग हें वेडाचें एक मोठें कारण आहे. नगर जिल्ह्यांत तर त्या काळीं सरकारी परवान्यानें गांजाचें पीक काढीत. विलायतेच्या पार्लमेंटांत डब्ल्यू. एस्. केन नांवाच्या सभासदानें ह्या द्रव्यांचा प्रजेवर काय परिणाम होतो ह्याची चौकशी करण्याचा आग्रह धरला, आणि सरकारनें सात जणांचा एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सातांपैकीं तिघे हिंदी होते. आयोगानें देशभर हिंडून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ सालीं आपला अहवाल सादर केला.

ह्या अहवालांतील वेड्यांच्या इस्पितळांविषयींचें प्रकरण प्रत्येक इतिहासशिक्षकानें वाचावें असें आहे, कारण कागदावर लिहिलेली प्रत्येक गोष्ट पुरावा नसते हें त्याच्याइतकें स्पष्ट मला दुसरीकडे दिसलें नाहीं. रोग्याला इस्पितळांत पाठवितांना पोलिसांकडून एक तक्ता येई व त्यांत वेडाचें कारण असा एक रकाना असे. रस्त्यावर सांपडलेल्या, आगापिछा नसलेल्या माणसाच्या वेडाचें कारण शिपायाला कोठून ठाऊक असणार? पण रकाना रिकामा ठेवणें हें सरकारी नोकराला कधींच मानवत नाहीं. माणूस बैरागी दिसला, जवळ चिलीम निघाली, कीं गांजा असा शब्द पडला. आणि इस्पितळाच्या मोठ्या पुस्तकांत तोच शब्द उतरून घेतला गेला. पुढें त्याच पुस्तकावरून कोष्टकें झालीं आणि कोष्टकांवरून शास्त्र झालें! १८९२ सालीं देशांतील इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले होते; पैकीं २२२ जणांच्या नांवापुढें ह्या द्रव्यांचें कारण लिहिलेलें होतें. आयोगानें एकेकाची मागील हकीकत काढविली, तेव्हां तें कारण अवघ्या ९८ जणांच्या बाबतींत संभवनीय ठरलें, आणि त्यांतहि ३७ जणांच्या बाबतींत जोडीला दुसरें कारण होतेंच. गांजा निर्दोष आहे असें आयोगानें म्हटलें नाहीं. अतिसेवनानें मनाची हानि होते हें त्यानें नमूद केलें, आणि आजचें वैद्यकशास्त्र तर कोंवळ्या वयांतील गांजाविषयीं त्याहूनहि कडक बोलतें. पण किती घेतलें, कोणी घेतलें, आधींची प्रकृति कशी होती, हे प्रश्न विचारल्यावांचून द्रव्यावर वेडाचा शिक्का मारूं नये, हें तत्त्व त्यानें घालून दिलें. दुर्दैव असें कीं, हा सात खंडांचा अहवाल कपाटांत गेला आणि तत्त्वहि त्याच्याबरोबर गेलें.

दुसऱ्या पानाकडे जाण्यापूर्वीं आपणांस स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं जाऊन यावें लागेल, कारण पुढच्या सर्व प्रकरणाचें मूळ तेथें आहे. युरोपांत राय नांवाचें गव्हासारखें एक धान्य पिकतें. आपल्या फोडणींतल्या राईशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. त्याच्या कणसावर अर्गट नांवाची एक बुरशी पडते. आमच्या मावळांत भाताचें राज्य, त्यामुळें हा रोग इकडे कोणास परिचित नाहीं. पण शिरूर-पारनेरकडच्या बाजरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला तो ठाऊक आहे. ओल्या हवेंत फुलोऱ्यांतून मधासारखा चिकट थेंब पाझरतो आणि पुढें दाण्याच्या जागीं काळपट खडा धरतो. दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ विरघळवून त्यांत बियाणें टाकलें म्हणजे हे खडे वर तरंगतात आणि निवडून टाकतां येतात. १९५६-५७ च्या सुमारास तेव्हांच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागांत अशी बाजरी खाण्यांत येऊन लोकांना ओकाऱ्या, घेरी आणि गुंगी ह्यांचा त्रास झाला होता. बाजरीवरच्या अर्गटाचीं विषें आणि रायीवरच्याचीं अगदीं एक नव्हत. पण कुळ एकच. ह्याच अर्गटाचा उपयोग युरोपांतील सुइणी बाळंतपण लवकर व्हावें ह्यासाठीं करीत आल्या होत्या, म्हणून औषधांच्या कारखान्यांनीं त्याचा अभ्यास आरंभिला.

बाझलच्या सँडोझ कारखान्यांत आल्बर्ट हॉफमन हा रसायनशास्त्रज्ञ अर्गटांतल्या एका अम्लापासून एकामागून एक संयुगें तयार करीत होता. १९३८ सालीं त्यानें केलेलें पंचविसावें संयुग म्हणजे एल्. एस्. डी. तें जनावरांवर तपासून निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवण्यांत आलें. पांच वर्षांनीं त्याला तें पुन्हां करून पाहण्याची बुद्धि झाली; काम करतांना त्याचा अंश शरीरांत गेला आणि त्याला चमत्कारिक स्वप्नें जागेपणींच दिसूं लागलीं. तेव्हां १९ एप्रिल १९४३ रोजीं त्यानें मुद्दाम पाव मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणें अगदींच क्षुल्लक मात्रा घेतली, आणि सायकलवरून घरीं जातां जातां आपण वेडे होत आहोंत अशी त्याची खात्री झाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो ठणठणीत होता. मोहरीच्या दाण्याच्या अंशाएवढ्या द्रव्यानें शहाण्या माणसाला वेडाचा अनुभव येतो व तो ओसरतोहि, ही गोष्ट त्या वेळच्या मनोविकारतज्ज्ञांना केवढी विलक्षण वाटली असेल ह्याची कल्पना करावी. वेडाचें मूळ शरीरांतल्या रसायनांत असूं शकेल असा विचार तोंवर फारच थोड्यांनीं केला होता.

१९४७ पासून सँडोझ हें द्रव्य डॉक्टरांना प्रयोगासाठीं देऊं लागली. कॅनडांत ऑस्मंड व त्याचे सहकारी जुनाट दारूबाजांवर त्याचा प्रयोग करूं लागले. इंग्लंडांत पॉविक येथील इस्पितळांत रॉनल्ड सँडिसननें १९५२ पासून तो चालविला. प्रागमध्यें स्टानिस्लाव ग्रोफनेंहि तो चालविला, आणि पुढें अमेरिकेंत मेरीलंड येथें तोच ग्रोफ आणि इतर मंडळी कर्करोगानें मरणाच्या दारीं टेकलेल्या माणसांचें भय हलकें करण्यासाठीं तें वापरूं लागली. १९६५ पर्यंत सुमारें ४०,००० रोग्यांवरील उपचारांचे हजाराहून अधिक निबंध प्रसिद्ध झाले होते. त्यांतले पुष्कळसे कच्चे होते हें खरें. तुलनेसाठीं दुसरा गट ठेवणें, पोकळ गोळी देऊन पाहणें, असल्या गोष्टींकडे फारसें कोणी लक्ष दिलें नव्हतें.

त्याच काळांत आपल्याकडे काय स्थिति होती? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ सालीं, भोर समितीनें पाहणी केली तेव्हां चाळीस कोटींच्या देशांत मनोरुग्णांसाठीं दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या. उपचार म्हणजे कोठडी, कांहीं ठिकाणीं इन्शुलिन आणि विजेचे धक्के. अशा वेळीं मदतीला आली ती आपल्याच रानांतली सर्पगंधा. तिच्या मुळीचा गुण डॉ. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं १९३१ सालीं कलकत्त्यास नोंदविला होता, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं १९४९ सालीं रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा निबंध विलायतेच्या मासिकांत छापला. १९५२ सालीं तिच्यांतलें सत्त्व वेगळें काढण्यांत आलें आणि दोनच वर्षांनीं अमेरिकेंतील मनोरुग्णालयांत तें दिलें जाऊं लागलें. सर्पगंधा वैद्याच्या हातांतून डॉक्टराच्या हातांत गेली, वाटेंत ती बाजारांत सांडली नाहीं. एल्. एस्. डी.चें नेमकें उलट झालें.

हार्वर्ड विद्यापीठांतील टिमोथी लिअरी आणि रिचर्ड आल्पर्ट हे दोन अध्यापक ह्या द्रव्यांचा अभ्यास करतां करतां त्यांचे प्रचारक बनले. १९६३ सालीं विद्यापीठानें दोघांनाहि दूर केलें, तेव्हां तर त्यांचा आवाज अधिकच दूरवर पोहोंचला. ही गोळी घ्या म्हणजे ऋषिमुनींना जन्मभर तप करून मिळालें तें तुम्हांला एका दुपारींत मिळेल, अशा थाटाचा तो उपदेश होता. तरुणांच्या झुंडी त्यामागें लागल्या, आणि गोळींत मिळालेला देव खरा कीं खोटा हें विचारण्यासाठीं त्यांच्यांतले कांहीं हिंदुस्थानाकडे वळले.

येथें दुसरें पान उघडतें. तें नगरचें आहे. अहमदनगर, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, त्या शहराजवळ मेहेरबाबा राहत असत. पुण्याच्या एका इराणी झरतुष्ट्री कुटुंबांत १८९४ सालीं जन्मलेले मेरवान शेहेरियार इराणी ते हेच. १९२५ पासून त्यांनीं मौन धरलें होतें आणि तें १९६९ सालीं देह ठेवीपर्यंत मोडलें नाहीं. आधीं अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि पुढें नुसत्या खुणांनीं ते बोलत. त्यांच्या अवतारित्वाच्या दाव्याशीं मला येथें कर्तव्य नाहीं. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मला त्यांच्या चरित्रांतली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९३६ सालीं त्यांनीं राहुरीस वेड्यांसाठीं एक आश्रम काढला होता. रस्त्यावरचीं वेडीं माणसें तेथें आणून त्यांना स्वतःच्या हातांनीं आंघोळ घालणें, खाऊं घालणें, हें काम ते करीत. पुढें कित्येक वर्षें ते देशभर अशा लोकांच्या शोधांत हिंडले. त्यांच्या परिवारांतील डॉ. विल्यम डॉन्किन ह्या इंग्रज डॉक्टरानें त्या प्रवासाची तपशीलवार नोंद करून १९४८ सालीं ग्रंथ छापला. ईश्वरवेडा कोण आणि रोगानें वेडा कोण हा भेद ते सांगत. तो भेद शास्त्राला मान्य होवो न होवो, वेड्या माणसाला त्यांनीं जवळून पाहिलें होतें, एवढें निश्चित.

हार्वर्डमध्यें शिकलेला अॅलन कोहेन हा तरुण त्यांच्याशीं पत्रव्यवहार करूं लागला. १९६५ च्या अखेरीस रॉबर्ट ड्रायफस नांवाचा दुसरा तरुण थेट नगरास येऊन उभा राहिला. शिष्यवृत्तीवर हिंदुस्थानांत आलेला रिक चॅपमन त्यांना १९६६ सालीं भेटला. तिघांचाहि प्रश्न एकच. मेहेरबाबांचें उत्तर १९६६ सालीं अमेरिकेंत एका लहानशा पुस्तिकेच्या रूपानें निघालें. गोळींत ईश्वर सांपडतो काय, अशा अर्थाचें तिचें नांव. उत्तराचा पहिला भाग सर्वांच्या लक्षांत राहिला. ह्या द्रव्यांनीं येणारे अनुभव आध्यात्मिक नव्हेत, आणि हौसेनें घेतल्यास तीं शरीराला, मनाला आणि साधनेला सारखींच घातक आहेत, असें त्यांनीं स्पष्ट बजावलें. आल्पर्टनाहि त्यांनीं हेंच कळविलें.

परंतु उत्तराला दुसरा भाग होता, आणि तो बहुतेकांनीं वाचलाच नाहीं. वैद्यकीय उपयोग हा रास्त उपयोग आहे. जुनाट मद्यासक्ति, तीव्र विषण्णता आणि मनाचे विकार ह्यांवर डॉक्टराच्या हातून दिल्यास ह्या द्रव्याचा लाभ होऊं शकेल, असें त्यांनीं त्याच पुस्तिकेंत मान्य केलें आहे. १९६६ सालीं हें म्हणणें किती अवघड होतें ह्याचा विचार करावा. एकीकडे लिअरीचा पंथ गोळीला प्रसाद मानीत होता. दुसरीकडे सरकारें तिला विष ठरवून तिच्या डॉक्टरी उपयोगावरहि झडप घालण्याच्या बेतांत होतीं. नगरच्या त्या मौनी माणसानें प्रसादाची कल्पना मोडून काढली आणि औषधाची मात्र मोडली नाहीं. देवाधर्माच्या क्षेत्रांतल्या माणसाकडून असा काटेकोर भेद ऐकावयास मिळावा आणि राज्यकर्त्यांना तो सुचूं नये, ही त्या वर्षाची मोठी विपरीत गोष्ट मला वाटते.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतां येईल. त्याच १९६६ सालीं सँडोझनें द्रव्याचा पुरवठा बंद केला आणि कॅलिफोर्निया राज्यानें बंदी घातली. १९७० मध्यें अमेरिकेच्या संघसरकारनें तें सर्वांत कडक यादींत टाकलें. १९७१ च्या व्हिएन्ना करारानें तीच यादी जगाची झाली. आपला मादक द्रव्यांचा कायदा १९८५ चा. त्या कायद्यानें भांगेचीं पानें वगळलीं, पण एल्. एस्. डी.चा एक दशांश ग्रॅमसुद्धां जवळ सांपडल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवली. वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाचा अपवाद ह्या सर्व कायद्यांत नांवापुरता आहे. व्यवहारांत त्या दारावर इतकीं कुलुपें होतीं कीं पुढील पंचवीस-तीस वर्षें तें उघडण्याच्या भानगडींत फारसें कोणी पडलें नाहीं.

मात्र सगळा दोष कायद्याच्या माथीं मारणें हेंहि १८९२ सालच्या रकान्यासारखेंच होईल. थॅलिडोमाइड ह्या गोळीनें युरोपांत हजारों मुलें व्यंग घेऊन जन्मलीं, तेव्हां १९६२ पासून अमेरिकेंत नव्या औषधाचा गुण कडक चाचणीनें सिद्ध करण्याची सक्ति झाली. खरें औषध कोणाला आणि पोकळ गोळी कोणाला हें रोग्यालाहि कळूं नये व डॉक्टरालाहि कळूं नये, अशी ती चाचणी. एल्. एस्. डी. घेतलेल्या माणसाला तें अर्ध्या तासांत कळतें आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यालाहि कळतें! ही अडचण आजहि सुटलेली नाहीं. शिवाय डॉक्टराच्या हातून दिलें म्हणजे सर्व सुरक्षित, असेंहि नाहीं. पॉविकच्या इस्पितळांत ज्यांना हें द्रव्य देण्यांत आलें त्यांच्यापैकीं ४३ जणांनीं, आपणांस पुढें वर्षानुवर्षें त्रास झाला, अशी तक्रार केली आणि २००२ सालीं त्यांना भरपाई मिळाली. आजच्या उत्साही लेखांत पॉविकचें नांव क्वचितच येतें; तें यावयास पाहिजे.

बंदीनंतर ग्रोफनें औषध सोडलें आणि जलद श्वासोच्छ्वासानें तशीच अवस्था आणण्याची एक रीति बसविली. १९८२ सालीं त्याच्या संस्थेची जागतिक परिषद मुंबईस भरली होती. आमच्या शेजारीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ पासून कैवल्यधामांत श्वासाचाच अभ्यास यंत्रें लावून चालविला होता. तेव्हां ह्या दोहोंची गांठ घालून देण्याचा मोह कोणालाहि होईल. पण एकाचा श्वास मनाला ढवळण्यासाठीं आहे आणि दुसऱ्याचा स्थिर करण्यासाठीं. म्हणून मी तो मोह आवरतों.

गेल्या वीस वर्षांत दार पुन्हां किलकिलें झालें आहे. २००६ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत रोलंड ग्रिफिथ्स ह्यांनीं अळंब्यांतल्या सायलोसायबिनवर काळजीपूर्वक केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. २०१६ मध्यें कर्करोग्यांच्या विषण्णतेवरील दोन प्रयोग आले. २०२२ मध्यें दहा देशांतील २३३ रोग्यांचा प्रयोग छापून आला. ज्यांच्या नैराश्यावर नेहमींचीं औषधें चालत नाहींत असे हे रोगी होते. तीन आठवड्यांनीं पूर्ण मात्रेच्या गटांत शेंकडा ३७ जणांस स्पष्ट उतार पडला, तर अगदीं अल्प मात्रेच्या गटांत शेंकडा १८ जणांस. बारा आठवड्यांपर्यंत टिकून राहिलेला उतार मात्र पूर्ण मात्रेच्या गटांतहि शेंकडा २० जणांपुरताच होता. हा आंकडा पाहून नाचूंहि नये आणि तो हंसण्यावारीहि नेऊं नये. दहा दहा वर्षें अंथरुणाला खिळलेल्या माणसांपैकीं पांचांत एक उठून बसणें ही त्या घराच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियानें ठराविक मनोविकारतज्ज्ञांना हें औषध देण्याची मुभा दिली. उलट, मानसिक आघातावरील एम्. डी. एम्. ए. ह्या दुसऱ्या द्रव्याचा अर्ज अमेरिकन सरकारनें ऑगस्ट २०२४ मध्यें अपुऱ्या पुराव्यामुळें परत केला.

आपल्याकडे ह्यांपैकीं एकाहि द्रव्याला उपचारासाठीं परवानगी नाहीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देण्याचें केटामिन मात्र कांहीं मनोविकारतज्ज्ञ असाध्य नैराश्यावर देतात. तेंहि २०११ पासून ह्याच कायद्याखालीं आलें असल्यामुळें हिशेबानें वापरावें लागतें. आणि जें इस्पितळांत मिळत नाहीं तें बाहेर मिळतें, ही आपल्या काळची तऱ्हा आहे. २००७ सालीं सिंहगडाच्या पायथ्याशीं डोणजे येथें पोलिसांनीं एका रात्रीच्या मेजवानीवर छापा घातला तेव्हां दोनशेंहून अधिक तरुण एकदम पकडले गेले होते.

गेल्या पावसाळ्यांत नाणे मावळांतील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. कारखान्यांतली नोकरी गेल्यापासून तीन वर्षें तो घराबाहेर पडत नाहीं, कोणाशीं बोलत नाहीं. ते म्हणाले, "गुरुजी, एका गोळींत असला आजार जातो असें पेपरांत आलें आहे म्हणे. थोरला पुतण्या म्हणतो, गोव्याला मिळते. आणूं का? तुम्हीं सांगाल तसें करूं." मीं त्यांना कायदा सांगितला, मग हेंहि सांगितलें कीं, ज्याच्या रक्तांत दुभंगलेल्या मनाचा विकार आहे अशा माणसाला हे डॉक्टर आपल्या प्रयोगांत उभेंच करीत नाहींत, कारण त्याला त्या गोळीनें कायमचें वेड लागण्याची भीति असते. तेव्हां ते गप्प झाले. मुलाचा सख्खा चुलता येरवड्याच्या इस्पितळांत होता, हें गांवाला ठाऊक आहे.

समजा, उद्यां परवानगी मिळाली, तरी हा उपचार नाणे मावळांत कसा पोहोंचावयाचा? एका रोग्याच्या उशाशीं दोन जाणतीं माणसें सारा दिवस बसवावीं लागतात, आणि त्याच्या मागेंपुढें कित्येक बैठकी. आपल्या देशांत लाख लोकांमागें एक मनोविकारतज्ज्ञसुद्धां पुरता येत नाहीं. हिशेब पाऊण माणसाचा आहे. सारें राज्य मिळून सरकारचीं मोठीं मनोरुग्णालयें चार : येरवडा, ठाणें, नागपूर आणि रत्नागिरी. मला तरी ह्या उपचारांत द्रव्यापेक्षां उशाशीं बसणारीं तीं दोन माणसें अधिक दुर्मिळ दिसतात.

त्या गृहस्थांना मीं १४४१६ हा सरकारी मनःस्वास्थ्य सेवेचा दूरध्वनीचा आंकडा लिहून दिला. तेथें मराठींत बोलतां येतें आणि पैसे पडत नाहींत. पंधरवड्यानें ते मुलाला घेऊन येरवड्यास गेले. तेथें त्याला नेहमींचींच औषधें मिळालीं आणि आठ दिवसांनीं पुन्हां यावयास सांगितलें. आतां दर महिन्याला तो सकाळच्या लोकलनें कामशेतहून पुण्यास जातो. बरोबर वडील असतात.